खाटेपासून चार फूट

"नियम लिहिताना माणसं डोळ्यांपुढं आणायची नाहीत. नग आणायचे. माणूस आला की आकडा हलतो."

नोकरीतल्या पहिल्या साहेबांनी बत्तीस वर्षांपूर्वी दिलेली ही शिकवण नव्व्याण्णवसाहेबांना त्या दुपारी चार वाजून तीन मिनिटांनी आठवली. तेव्हा ते शुश्रूषागृहात, जमिनीला बोल्टांनी जखडलेल्या एका नव्या खुर्चीत बसले होते. समोर खाटेवर त्यांची बायको होती. तिचा उजवा हात चादरीवर उताणा पडला होता, बोटं जराशी वाकलेली. साहेबांनी आपला हात लांब केला. मग खांदा पुढे नेला, मग कंबर. तरी वीतभर अंतर उरलंच.

"सिस्टर," बायको छताकडे बघत म्हणाली, "चार वाजले ना? आज आले नाहीत का हे?"

आजारपणात तिचे डोळे गेले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा. कानही जवळजवळ गेले होते; अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर दोन-तीन शब्द आत जायचे, चौथा बाहेरच राहायचा. वाचा मात्र खणखणीत होती. नवरा आला हे तिला कळायचं ते हातात हात आला की. रोज चारला तो हात यायचा आणि पाचला जायचा. दीड वर्षात या नेमात एकदाही खंड पडला नव्हता. आणि आज हात आला नव्हता, म्हणजे तिच्या लेखी नवरा आला नव्हता. तो चार फुटांवर बसून घामाघूम झाला होता, हे तिला कोण सांगणार?

आता या खुर्चीची गोष्ट सांगायला हवी.

साहेब निवृत्त झाले ते सुरक्षा नियम कार्यालयातून. या कार्यालयाचं काम नियम करणं. राज्यात एक कायदा होता: ज्या नियमामुळे लोकांना वर्षाला एक कोटीच्या वर खर्च पडेल, तो नियम आधी विधिमंडळाच्या 'खर्चिक नियम तपासणी समिती'पुढे न्यायचा. तिथे निवडून आलेले नऊ सदस्य बसत. ते प्रश्न विचारत, आणि कार्यालयाला प्रश्न आवडत नसत. म्हणून कार्यालयाला असा माणूस लागे, जो कुठल्याही नियमाचा खर्च एक कोटीच्या आत बसवून देईल. साहेबांचा त्यात हातखंडा होता. त्यांचं कुठलंही खर्चपत्रक उघडा, बेरीज नव्व्याण्णव लाख आणि वर काहीतरी. नाव तिथूनच पडलं. आकड्यात त्यांनी कधी लबाडी केली नाही, हेही सांगायला हवं. आकडा खरा ठेवायचा आणि नियमच जरा इकडेतिकडे सरकवायचा, ही त्यांची रीत.

मागे कुठल्याशा शुश्रूषागृहात भेटायला आलेला एक माणूस खुर्चीत पेंगला, खुर्चीसकट पेशंटवर कलंडला आणि नळी निघाली. कार्यालयाने ठरवलं, भेटणाऱ्यांच्या खुर्च्या जमिनीला पक्क्या करायच्या. खाटेपासून किती अंतरावर? दोन फुटांवर करायच्या तर भिंतीतली सगळी बटणं आणि नळ्या हलवाव्या लागत होत्या. खर्च एक कोटी चौदा लाख. तीन फुटांवर एक कोटी दोन लाख. साहेबांनी पेन्सिल चावली आणि चार फूट लिहिलं. नव्व्याण्णव लाख बारा हजार सहाशे चाळीस. नियम समितीपुढे गेला नाही. त्यानंतर महिन्याभराने साहेब निवृत्त झाले. नियम मात्र हळूहळू चालत गावोगाव फिरला आणि दीड वर्षाने त्यांच्याच बायकोच्या खाटेपाशी येऊन पोचला.

साहेबांनी खिशातून टेप काढून मोजलं. बरोब्बर चार फूट.

"कुठल्या शहाण्यानं चार फूट ठरवलं देव जाणे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. शुश्रूषागृह त्याच चालवत. "काका, तुमच्या ओळखीचं आहे का हो कुणी त्या ऑफिसात?"

"असेल काहीतरी कारण त्यांचं," साहेब म्हणाले आणि टेप गुंडाळू लागले.

उभं राहून हात धरावा, तर भेटणाऱ्याने बसूनच राहावं असं नियमात होतं. जमिनीवर पिवळा पट्टा आखला होता, तो ओलांडायचा नव्हता. धाकट्या सिस्टरनी पेशंटला कडेला सरकवून पाहिलं, पण हाताला सुई होती, कठड्याबाहेर काढला की ती ताणली जायची.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी छत्री आणली. बाहेर लख्ख ऊन होतं. छत्रीच्या टोकाला त्यांनी धुतलेला हातरुमाल बांधला, मोठ्या सिस्टर पाठमोऱ्या झाल्याचं बघितलं आणि रुमाल हळूच बायकोच्या तळहातावर टेकवला.

"सिस्टर," बायको म्हणाली, "वॉर्डात मांजर शिरलंय."

साहेबांनी छत्री मागे घेतली, थोडा वेळ थांबले आणि पुन्हा पुढे केली. या वेळी जरा कुरवाळल्यासारखी.

"मांजरच आहे. अंगाला अंग घासतंय. हुसका त्याला."

पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी पांघरुणात तोंड खुपसलं. त्या हसतायत की रडतायत हे कळलं नाही. मोठ्या सिस्टर मात्र गंभीर झाल्या. पेशंटने तक्रार केली की ती वहीत लिहायची आणि वहीची प्रत त्याच संध्याकाळी कार्यालयाला पाठवायची, असा नियम होता. (तोही साहेबांचाच. नव्व्याण्णव लाख सदतीस हजार.) 'वॉर्डात मांजर' असं त्यांनी लिहिलं. दोन दिवसांनी मांजर शोधायला एक तपासनीस आला. त्याने खाटांखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. मांजर मिळालं नाही. पण वर मान केली तेव्हा पिवळ्या पट्ट्यावरून पलीकडे गेलेली एक छत्री त्याला दिसली.

"हे काय आहे?"

"छत्री," साहेब म्हणाले.

"पट्ट्याच्या पलीकडे?"

"माणूस अलीकडे आहे. नियम माणसाचा आहे, छत्रीचा नाही."

तपासनीसाने त्यांच्याकडे जरा आदराने पाहिलं आणि ताकीद लिहिली. अशा तीन ताकिदी झाल्या की शुश्रूषागृहाचा परवाना जाणार होता.

तो गेल्यावर मोठ्या सिस्टर साहेबांच्या खुर्चीपाशी आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "काका, बावीस माणसं आहेत माझ्याकडं. हे बंद झालं तर कुठं नेऊ मी त्यांना?"

साहेबांनी छत्री त्यांच्या हवाली केली.

त्या दिवशी धाकट्या सिस्टरला राहवलं नाही. तिने पेशंटच्या कानाशी वाकून ओरडून सांगितलं, "काका आलेत. इथंच."

"आलेत? मग हात कुठाय?"

"खुर्ची जमिनीला बोल्ट."

बायकोने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "सिस्टर, तुम्ही मनानं चांगल्या आहात. पण बहाणा सांगायचा तर निदान पटेल असा सांगावा."

तिने आपल्या परीने उलगडा करून घेतला. नवरा येतो, पण हात देत नाही, म्हणजे रागावलाय. बेचाळीस वर्षांच्या संसारात तो रागावला की असाच बसायचा, तोंडाला कुलूप लावून. कारण म्हणून सांगायचा नाही. ते आपणच आठवून काढायचं आणि माफी मागायची. तिने आठवायला सुरुवात केली.

"अहो," दुसऱ्या दिवशी चार वाजता ती म्हणाली. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. व्हरांड्यातला माळीसुद्धा थांबला. "तो तुमचा निळा स्वेटर. तो चोरीला नव्हता गेला. मीच भंगारवाल्याला दिला. गालाला टोचायचा."

साहेब बसल्या जागी ताठ झाले. त्या स्वेटरपायी त्यांनी शेजाऱ्याशी अकरा वर्षं अबोला धरला होता.

हात आला नाही. म्हणजे कारण स्वेटर नव्हतं. तिसऱ्या दिवशी, साहेबांच्या साहेबांकडचं जेवण तिने डोकं दुखतंय म्हणून टाळलं होतं, त्याचं सांगितलं. तिचं डोकं त्या दिवशी दुखत नव्हतं; त्या साहेबांच्या बायकोच्या हसण्याने ते नंतर दुखलं असतं. चौथ्या दिवशी घड्याळाचं. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे तीच करायची, म्हणजे साहेब लवकर घराबाहेर पडत आणि तिला गच्चीवर दहा मिनिटं एकटीला बसायला मिळे. आठव्या दिवशी तिने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची कबुली दिली. "तुम्ही ते सूप केलं होतं ना, ते मी कुंडीत ओतलं. मग झाडही गेलं, म्हणून बरं. मी गेले असते."

वॉर्डात चार वाजायची वाट बघितली जाऊ लागली. पलीकडच्या आजी साडेतीनलाच उशी उंच करून घेत. त्यांना भेटायला कुणी येत नसे, त्यामुळे त्यांच्या खाटेजवळची खुर्ची अगदी कोरी करकरीत होती. "आज काय हलकंफुलकंच होतं," त्या एखादे दिवशी म्हणत. "कालच्या सुपाला तोड नाही."

साहेबांना या सगळ्याचं हसू यायचं. मी रागावलेलो नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्याला हाताची एक पकड पुरली असती. रोज पाचला ते उठत तेव्हा बायको म्हणे, "उद्या आणखी आठवते हं." आणि प्रत्येक दिवशी तिचा आवाज किंचित बारीक होत होता. डॉक्टर म्हणाले होते, आता महिने मोजू नका. आठवडे मोजा.

साहेब आपल्या जुन्या कार्यालयात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचा चेला बसत होता. पेन्सिल कशी चावायची हेसुद्धा तो त्यांच्याकडूनच शिकला होता.

"साहेब, बसा ना. खुर्ची ओढून घ्या."

साहेबांनी खुर्ची टेबलाला भिडेपर्यंत ओढून घेतली आणि मग सगळं सांगितलं. चेल्याने डोळे पुसले. खोटे पुसले नव्हते.

"मग दोन फूट करून टाक की," साहेब म्हणाले.

"एक कोटी चौदा लाख होतात, साहेब. समितीकडं जावं लागेल."

"जा मग."

"पण समितीकडं कशाला जायचं? आहे तो नियम कोटीच्या आत आहे. तुम्हीच बसवलाय. नियमात अडचण आहे, असं कुणी म्हणतच नाही."

"मी म्हणतोय."

"तुम्ही खासगी माणूस झालात आता." चेला हळू आवाजात म्हणाला, "एकच वाट आहे. मूळ खर्चपत्रकच चुकलं होतं, खरा खर्च कोटीच्या वर जातो, असं कुणी दाखवलं तर समितीला हात घालता येतो. पण साहेब, खर्चपत्रक तुमचं आहे. तुमच्या आकड्यात आजवर चूक निघालेली नाही. इथं नव्या पोरांना आम्ही तेच दाखवतो शिकवताना."

"चूक काढणारा मीच असलो तर?"

"तर कार्यालयातर्फे मला तुमच्याविरुद्ध उभं राहावं लागेल. आणि मी तयारीनं येईन. तुम्हीच शिकवलंय."

"ये," साहेब म्हणाले. "पाण्याची बाटली घेऊन ये. तिथलं पाणी कोमट असतं."

समितीची खोली तळमजल्यावर होती. लांब टेबल, नऊ सदस्य, भिंतीवर थांबलेलं घड्याळ. अध्यक्षबाई चष्मा कपाळावर ठेवून कागद वाचत. त्यांच्या डावीकडे एक ज्येष्ठ सदस्य डोळे मिटून बसले होते. त्यांना उठवायचं नाही असा समितीचा प्रघात होता.

"खर्चपत्रकावर सही कुणाची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझी."

"आणि ते चूक आहे असा अर्ज कुणाचा?"

"माझाच."

"मग तुम्ही तेव्हा खोटं बोलत होता की आता बोलताय?"

"तेव्हा मी खरं तेवढंच लिहिलं, बाई. सगळं लिहिलं नाही."

"काय राहिलं?"

साहेबांनी यादी काढली. बोल्टासाठी भोक पाडताना उडालेली धूळ झाडायचा खर्च. चुकीच्या जागी पडलेली भोकं बुजवायचं सिमेंट. चेला उठून म्हणाला, धूळ झाडणारी माणसं आधीपासूनच पगारी आहेत. साहेब म्हणाले, ती धूळ झाडत होती तेवढा वेळ पेशंटची भांडी कोण घासत होतं? सदस्य एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. धूळ, सिमेंट, भांडी असं करत करत एकसष्ट हजार तीनशे साठ जमले. कोटी भरायला अजून सव्वीस हजार हवे होते.

"अजून काही?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"शेवटचा रकाना आहे. 'इतर'."

"त्यात काय येतं?"

"जे मोजता येत नाही ते."

"त्यात तुम्ही शून्य लिहिलंय."

"हो. एकतीस वर्षं तेच लिहिलं. शून्य लिहिलं की बेरीज अडत नाही."

मग त्यांनी खाली बघत छत्रीचं, मांजराचं, हाताचं सांगितलं. चेल्याला उठून हरकत घ्यायची होती. तो उठला, पाणी प्यायला आणि पुन्हा बसला.

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "'इतर'मध्ये किती धरायचं ते कागदावरून समजणार नाही. समिती जागेवर जाऊन पाहील."

समिती गेली ती पंधरा दिवसांनी, कारण मोटारीच्या मंजुरीला चौदा दिवस लागले. अध्यक्षबाईंनी मुद्दाम चारची वेळ घेतली होती. पण दारातच मोठ्या सिस्टरनी त्यांना अडवलं. हात जोडून, पण अडवलं.

"एका खाटेला एकच भेटणारा. आणि वॉर्डात उभं राहता येत नाही. नियम आहे. माझी एक ताकीद आधीच झालीय."

त्यामुळे नऊ सदस्यांना नऊ खाटांपाशी नऊ खुर्च्यांत बसावं लागलं, प्रत्येकी चार फुटांवर. साहेब आपल्या जागी होते. ज्येष्ठ सदस्यांच्या वाट्याला पलीकडच्या आजी आल्या. कोऱ्या खुर्चीत कुणीतरी बसलंय हे आजींना आधी खरं वाटेना. मग त्यांनी हात पुढे केला. ज्येष्ठ सदस्यांनीही केला. दोन्ही हात मधे थोडा वेळ तसेच राहिले.

"राहू दे," आजी म्हणाल्या. "दमशील. बसलास तेवढं पुष्कळ."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. साहेबांच्या बायकोने घसा साफ केला.

"अहो, आता मला काही आठवत नाही," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण वॉर्डात तेवढा एकच आवाज होता. "होतं नव्हतं ते सगळं सांगून झालं. मग काल मला उमगलं. तुम्ही रागावलेले नाहीच. तुम्ही येतच नाही. सिस्टर मला बरं वाटावं म्हणून सांगतात. तुम्हाला काही झालं असणार आणि मला कळू देत नाहीयेत. तसं असेल तर उद्यापासून मी चारला जागी नाही राहणार. झोपते."

साहेब खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून बसले होते. अध्यक्षबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. छताकडे बघत होत्या.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी वही उघडली. "सदस्यांनी आपापला आकडा सांगावा. 'इतर' किती?"

सदस्यांनी पेनं खिशात ठेवली. चेला कोपऱ्यात उभा होता. त्यानेही पेन्सिल खिशात ठेवली.

"मला काही आकडा येत नाही," ज्येष्ठ सदस्य म्हणाले. त्यांना बोलताना समितीने बऱ्याच महिन्यांनी ऐकलं. "पण सव्वीस हजाराच्या वर आहे, एवढं मी शपथेवर सांगतो."

तेवढं पुरेसं होतं. पण नियम थांबवायचा तर ठराव सभागृहात मांडावा लागतो, आणि सभागृहाला सुटी होती. त्यात आणखी अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत साहेब रोज चारला येऊन बसत, आणि बायको भिंतीकडे तोंड करून झोपलेली असे. धाकट्या सिस्टरने मात्र हार मानली नाही. समिती व्हरांड्यात बोलत असताना कान देऊन ऐकलेलं सगळं ती रोज तीन-तीन शब्द करून त्या कानात ओतत राहिली. पेशंट ऐकून घेई आणि म्हणे, "बरं बरं, तुमचं पाल्हाळ झालं का?"

ठराव झाला त्या दिवशी दोन माणसं पाना घेऊन आली आणि त्यांनी बोल्ट काढले. साहेबांची खुर्ची त्यांनी सगळ्यांत आधी सोडवली. साहेबांनी ती खाटेला लावली, बसले आणि भिंतीकडे वळलेल्या त्या हातात आपला हात ठेवला.

बायको हलली नाही. मग तिची बोटं हळूहळू त्यांच्या बोटांवरून फिरली, नखांवरून, पेन्सिलीने पडलेल्या घट्ट्यावरून.

"आलात," ती म्हणाली.

त्यांची जुनी खूण होती. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. त्यांनी एकदा दाबलं.

"मधे मी काहीबाही बडबडले. ते ऐकलं नाहीत ना?"

साहेबांनी दोनदा दाबलं.

"खोटं. सिस्टरनी सांगितलंय, एक दिवस चुकवला नाहीत." ती थोडी दम घेऊन म्हणाली, "आणि ते चार फूट तुम्हीच ठरवले होतेत म्हणे."

पलीकडच्या आजींनी उशी उंच केली. साहेबांनी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग त्यांनी एकदा दाबलं.

ती हसली. पूर्वीसारखं मोठ्याने हसण्याएवढा श्वास नव्हता, पण खाट थोडी हलली. "माझ्या चौतीस कबुल्या झाल्या. तुमची एकच, पण सगळ्यांवर मात केलीत. आणखी किती आहेत हो तुमच्या अशा?"

साहेबांनी तिच्या तळहातावर बोटाने आकडा काढला. दोन. एक. एक.

"दोनशे अकरा?"

एकदा दाबलं.

"एकदा तरी कुठं जाऊन बघितलंत?"

दोनदा दाबलं.

"मग मी गेल्यावर बघा. इतक्या ठिकाणी जायचं म्हणजे मागे एकट्यानं घरात बसायला नको. एकेक करून सगळे बघा. कबूल?"

साहेबांना 'नाही' म्हणायचं होतं, ते तिच्या 'मी गेल्यावर'ला. पण एका प्रश्नाला एकच उत्तर देता येतं. त्यांनी एकदा दाबलं आणि मग सोडलंच नाही.

त्यांना अठरा दिवस मिळाले. रोज चार ते पाच. तिने पुन्हा कसली कबुली दिली नाही; देण्याजोगी उरलीच नव्हती. एकोणिसाव्या दिवशी पहाटे धाकट्या सिस्टरचा फोन आला. ओरडून बोलायची सवय लागलेली ती मुलगी त्या दिवशी इतकं हळू बोलली की साहेबांना दोनदा विचारावं लागलं.

सांत्वनाला येणाऱ्यांची वर्दळ थांबली तेव्हा घरातले सगळे डबे त्यांनी आवरून भलतीकडेच ठेवलेले होते. साहेबांना साखर सापडली, चहा सापडला नाही. मग त्यांनी एक वही घेतली. चेल्याकडून मागवलेल्या जुन्या खर्चपत्रकांवरून दोनशे अकरा नियम लिहून काढले आणि प्रत्येकापुढे एक रकाना रिकामा ठेवला. पहिला नियम त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षाचा होता: शाळांमधल्या पाण्याच्या नळाची जमिनीपासूनची उंची. तीन फूट नऊ इंच. ती उंची का धरली होती हे त्यांना पक्कं आठवत होतं. पाइपाचे तुकडे त्या मापात वाया जात नव्हते.

सकाळी दहाच्या सुमारास त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, वही काखेत धरली, दाराला कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं आणि जिना उतरले. शाळेची मधली सुटी साडेदहाला होते, हे त्यांनी आदल्या दिवशी जाऊन विचारून ठेवलं होतं.

इमारतीच्या फाटकावरचा रखवालदार महिन्याभराच्या रजेवरून त्याच दिवशी परतला होता. त्याला काही माहीत नव्हतं.

"काका, आज सकाळीच? चारला अवकाश आहे अजून."

"हो," साहेब म्हणाले. "आज दुसरीकडं जायचंय. तिनं सांगितलंय."

त्याने फाटक उघडून धरलं. साहेब बाहेर पडले आणि शाळेच्या दिशेने चालू लागले.